सुतारशाळेवर टॅबलेटाची स्वारी

विज्ञापना ऐसी जे, थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या, त्यांस भाट मिळाले आणि पुतळेही मिळाले. परंतु एका सुतारशाळेत कागद आणि काच यांचे जे अडीच दिवस तुंबळ युद्ध जाहले, त्याची याद कोणी धरिली नाही, सबब हा लेखनप्रपंच. लिहिणारा दोन्हीकडचा चहा प्यालेला आहे, त्यामुळे निःपक्षपाती समजावा.

सुतारशाळेच्या सर्वाधिकारी श्रीमंत मालकीणबाईसाहेब. त्यांचे पदरी राजमान्य राजश्री मिस्त्री, कानावर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, चाकरी चाळीस वर्षे. मिस्त्रींचा दस्तुर ऐसा जे, आकड्यावर भरवसा ठेवावयाचा नाही. खुर्ची करणे तर खुर्चीएवढा कागद जमिनीवर पसरावा, त्यावर खुर्ची जैसीच्या तैसी रेखावी, मग लाकूड त्या रेघेवर निजवावे आणि खूण करून कापावे. ऐसे शेकडो कागद गुंडाळून एका कपाटात रचिले होते आणि त्याची किल्ली मिस्त्रींच्या कमरेस असे. खुद्द मालकीणबाईंसही ते कपाट इजाजतीवाचून उघडता येत नसे.

ऐसे असता मालकीणबाईंची भाची शिक्षण पुरे करून कारखान्यात रुजू जाहली, आणि तिने हुजूर अर्ज गुजारिला जे, कागद म्हणजे झाडांची कत्तल, दर नगास नवा कागद आणि दर दुरुस्तीस आणखी एक, वर कागदाचा भाव दरसाल चढता; सबब एक टॅबलेट आणावा, सर्व आराखडे त्यात ठेवावे आणि कपाट रद्दीत काढावे. यावर मिस्त्रींनी जो जबाब दिला तो जसाच्या तसा लिहितो: "पोरी, आपण सुतार. झाडं वाचवायची तर आधी शटर खाली ओढ."

दरबार हसला. परंतु भाचीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. ती म्हणाली, "काका, तुमची खुर्ची चाळीस वर्षं टिकते आणि कागद चार दिवसांत फाटतो. झाड पाडायचंच तर खुर्चीसाठी पाडू ना!" या बाणाने मिस्त्री घायाळ होऊन चहा पिऊ लागले. मग सावरून त्यांनी प्रतिहल्ला केला जे, मालकीणबाईंचे दोन मोबाईल याच जागी भुसा खाऊन वारले, त्यांची कलेवरे खणात पडली आहेत, एकाचे तर पोट फुगले आहे आणि भंगारवालाही त्यास हात लावीत नाही. कागद निदान मातीस तरी मिळतो.

दोन्ही फौजा तोलास तोल पाहून मालकीणबाईंनी हुकूम फर्माविला जे, जवळच्या शाळेच्या हेडबाईंस हातांची खुर्ची हवी आहे, टॅबलेट आणून ती निव्वळ त्यावरून करावी. साधली तर कपाट रद्दीत, फसली तर टॅबलेट परत दुकानात. मिस्त्रींनी किल्ली कमरेस आणखी घट्ट खोचली. कागदाचे दुःख होतेच. परंतु कपाट गेल्यावर कपाटाच्या धन्याचे येथे काम काय, हे भय त्यांनी कोणास सांगितले नाही.

दुसरे दिवशी रण माजले. भाचीने टॅबलेटात खुर्चीचे चित्र काढून पाय आणि बैठक यांची मापे मोठ्याने वाचिली आणि ती बिनचूक कापिली गेली. मग खुर्चीच्या हातांची पाळी आली. त्यांची वेलांटी आकड्यांत सापडेना, तेव्हा मिस्त्रींनी चाळीस वर्षांच्या सवयीने लाकूड थेट काचेवर निजविले आणि चित्राच्या रेघेवरून खूण केली. नीट दिसावे म्हणून चित्र बोटांनी ताणून मोठे केले होते. डावा हात कापून होतो इतक्यात भाची आली आणि मोठ्या मायेने काचेवरील भुसा बोटांनी पुसून गेली. चित्र आक्रसले. मिस्त्रींनी उजवा हात त्यावरून कापिला.

संध्याकाळी हेडबाई पाहणीस आल्या, खुर्चीत विराजमान जाहल्या आणि उजवे कोपर हवेत लोंबू लागले. त्या म्हणाल्या, "अहो मिस्त्री, हा हात माझा, आणि तो बालवाडीचा का?"

हुकुमाप्रमाणे कागदाची फत्ते जाहली होती. परंतु मिस्त्रींनी जल्लोष केला नाही. ते म्हणाले, "चांगलं लाकूड वाया गेलं. कापलं मी." भाची म्हणाली, "पुसलं मी." मिस्त्रींनी ऐकिले नाही आणि हत्यारे पिशवीत भरिली आणि जाहीर केले जे, खुर्ची पुरी करून देतो, मग आमचा राम राम. इतके बोलून त्यांनी जुना कागद काढावयास कपाट उघडिले, तो आत वाळवीचे राज्य! खुर्चीच्या हातांच्या कागदास परातीएवढे भोक पडले होते. ऐसी दोन्ही सैन्ये एकाच संध्याकाळी धुळीस मिळाली.

तिसरे दिवशी सकाळी भाची कोपऱ्यातील ढिगात घुसली. तेथे प्लायचे तुकडे पडत आणि पुढे चुलीत जात. त्यांतील एक तिने मिस्त्रींपुढे धरिला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल घेतली आणि डोळे किंचित मिटून एका दमात हाताची वेलांटी काढिली, खरी, पुऱ्या मापाची. मग तो तुकडा रेघेवर कापून फर्मा केला, आणि तोच फर्मा लाकडावर ठेवून दोन्ही हात रेखिले. कागद लागला नाही, काच लागली नाही. भाचीने फर्म्याची लांबीरुंदी टॅबलेटात टिपली. दुपारी हेडबाई पुन्हा बसल्या, दोन्ही कोपरे सुखावली आणि उठणे नकोसे जाहले.

मग तह ठरला जे, टॅबलेट एकच असावा, गिऱ्हाइकांस चित्र दाखवावे आणि आकडे सांभाळावे, बिघडल्यास दुरुस्त करावा, नवा मागू नये. मापे मात्र वाया गेलेल्या प्लायच्या फर्म्यांवर घ्यावी. आणि कपाट वाळवीमुक्त करून फर्म्यांचे हवाली करावे. मालकीणबाईंचे मोर्तब जाहले.

मिस्त्रींनी पिशवी उचलली. भाचीने वाट अडविली आणि म्हणाली, "काका, कपाटात शंभर फर्मे लागतील. ती रेघ मला येत नाही. शिकवाल?"

मिस्त्रींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग पिशवी बाकाखाली ठेविली आणि हुकूम दिला, "उद्या आठाला ये. साडेआठला नाही."

येणेप्रमाणे हकीकत रुजू केली. सदर बखर बाद आराखड्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूस लिहिली असे. वाळवीने खाल्लेली अक्षरे वाचकांनी आपल्या पदरची घालावी.