बारकूभाऊंचे नऊ दावे

बारकूभाऊंचा जावई लग्नानंतर पहिल्यांदा मुरबाडहून सासुरवाडीला आला, तेव्हाची गोष्ट. जेवणाआधी तो हात धुवायला उठला. बारकूभाऊंनी त्याला न्हाणीच्या दारात अडवलं आणि एका कागदावर सही करायला लावली. 'आत जे काही पाहीन ते बाहेर कोणालाही सांगणार नाही,' असा मजकूर होता. जावई शाळामास्तर, वाचल्याशिवाय सही न करणारा. वाचून तो बिचारा पांढरा पडला. शेवटी सही करून, जीव मुठीत धरून आत गेला. आत एक साबण होता. लोखंडी आकड्याला टांगलेला.

तो कागद मीच टाइप केला होता, म्हणून मला माहीत. शहापुरात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारकूभाऊ माझे शेजारी, दोन घरांत एकच भिंत. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली. तिथून निवृत्त झाले आणि घरात सुटले. 'सुटले' हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की पेटंटचा अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांनी पाहिली तर ती नवी राहत नाही. तेव्हापासून त्यांच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा संशयित ठरला. न्हाणीतल्या बादलीवर, तांब्यावर, पाय घासायच्या दगडावरसुद्धा लाल ऑइलपेंटने लिहिलेलं असे, 'नक्कल करू नये'. दगडाची नक्कल कोण करणार, असं मी एकदा विचारलं.

"बाय, तू दगड बघत्येस. मी त्याचा कोन बघतो," ते म्हणाले. "ह्यो कोन जगात नाय."

'जगात नाय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादी वस्तू जगात नसण्याचं कारण जगाला अक्कल आहे हेही असू शकतं, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. तेलाची टाकी बसवलेला कंगवा जगात नव्हता. तो कंगवा खिशात घालून ते शेणव्याला एका लग्नाला गेले. त्या दिवशी हळद नवऱ्याला लागली आणि तेल बारकूभाऊंना. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्रही जगात नव्हतं. वाफेने एक पत्रा उडायचा आणि आकडा पुढे सरकायचा. तो पंख्याच्या वाऱ्यानेही सरकायचा. त्यांची बायको हिराकाकी सांगते, एकदा डाळ चुलीवर चढण्याआधीच तिच्या अकरा शिट्ट्या झाल्या होत्या.

या सगळ्याचे अर्ज करायला ते माझ्याकडे येत. मी प्रत्येक वेळी समजूत घालून परत पाठवी. मग त्यांना काचबिंदू झाला.

डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ डोळ्यात एकेक थेंब टाकायचा आणि तोही जन्मभर. बारकूभाऊंनी स्वतः प्रयत्न केला. औषध कानात गेलं, मिशीत गेलं, एकदा चहात गेलं. डोळा तेवढा कोरडा राहिला. शेवटी ते काम हिराकाकीकडे आलं. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला भिंतीपलीकडून मला ऐकू येई, "वर बघा! वर म्हंजे छपराकडं, माझ्याकडं नाय!"

तेवढ्यात मुरबाडच्या लेकीला नोकरी लागली. घरात दोन लहान मुलं. ती आईला सारखी बोलवू लागली. काकी फोनवर सांगे, "कशी येऊ गो? तुझ्या बापाचे डोळे माझ्या हाताला बांधलेत."

बारकूभाऊंनी हे ऐकलं आणि आठ दिवस कोणाला दिसले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्यांनी पिशवीतून एक जुना चष्मा काढला. काचा काढून टाकलेल्या. काचेच्या जागी बाटली उलटी बसेल अशी कडी, खालची पापणी धरून ठेवणारी एक मऊ पट्टी आणि बाजूला एक छोटा स्क्रू. चष्मा घातला, मान मागे केली, स्क्रू अर्धा फिरवला. एक थेंब, बरोबर डोळ्यात. दुसऱ्या डोळ्यातही तसाच. मी त्यांना पुन्हा करायला लावलं, साध्या पाण्याने. पुन्हा तसंच.

आजवर त्यांच्या एकाही वस्तूला मी बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणि अर्ज भरायला बसले.

पेटंटच्या अर्जात आपल्या वस्तूत नवं काय आहे ते एकेक करून मांडावं लागतं. त्याला इंग्रजीत क्लेम म्हणतात. बारकूभाऊंना समजावं म्हणून मी त्याचं मराठी 'दावे' असं केलं. ही माझी चूक. आमच्या तालुक्यात दावा म्हणजे एकच, जमिनीचा. बारकूभाऊ चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगून आले, "आज नऊ दावे ठोकले." दुपारपर्यंत बातमी शेणव्याला पोचली. शेताच्या बांधावरून त्यांच्याशी जुनं भांडण असलेला चुलतभाऊ गणपत सातबारे, नकाशा आणि एक ओळखीचा वकील घेऊन माझ्या दुकानात हजर झाला.

"बारक्या, दावे मागं घे."

"नाय घेनार."

"आरं, बांध तुझा तर तुझा! पन नऊ? कुठल्या कुठल्या गटावर ठोकलेस?"

"गटावर नाय. डोळ्यावर."

गणपतने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने नकाशाकडे पाहिलं. "डोळ्यावर व्हय?" गणपत सातबारे गोळा करत म्हणाला. "मंग ठोक की. धा ठोक."

त्या नऊ दाव्यांत जीव होता तो पहिल्यात. 'दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय थेंब डोळ्यात सोडता येतो.' बाकीचे आठ कडीचे, पट्टीचे, भरतीचे.

अर्ज गेला आणि वाट पाहणं सुरू झालं. चष्मा मात्र बारकूभाऊंनी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. पेटंट होईपर्यंत वापरायचा नाही, असा त्यांनीच नियम काढला. "उगाच झिजंल," मला म्हणाले. दोन वेळा 'वर बघा' चालूच राहिलं. काकीने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, अजून नीट चालत नाय. ती म्हणाली, "तुमचं काय चाललंय आजपातुर?" पण लेकीला तिने शब्द दिला, चष्म्याचं जमलं की मी आलेच. पिशवीत दोन लुगडी भरूनही ठेवली.

पुढच्या वर्षी पेटंट कचेरीचं पत्र आलं. थेंबाचे चष्मे आधीपासून आहेत, असं त्यात म्हटलं होतं. आठ दाव्यांत नवं काही नाही. पण बाजूच्या स्क्रूमुळे मदतनीस लागत नाही, तेवढं नवं दिसतं. पहिला दावा नीट सिद्ध केलात तर विचार करू. मी आनंदाने पत्र दोनदा वाचून दाखवलं. जन्मभर वेड्यात काढलेल्या माणसाला कोणीतरी सरकारी शिक्क्यासकट 'नवं दिसतं' म्हणत होतं. त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि घरी गेले. दोन दिवसांनी परत आले.

"बाय, पयला दावा मागं घेऊ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. शहापूर कोर्टात आजोबांचे दावे नातू चालवतात. मागे घेतल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

"भाऊ, तो काढला तर उरतं काय? नुसती चष्म्याची दांडी."

"ऱ्हाऊ दे दांडी. तू लिव्ह, मदत लागते."

"कोणाची?"

"हिराची," ते म्हणाले. मग घाईने, "म्हंजे, दुसऱ्या मानसाची."

मी लिहिलं आणि पाठवलं. अर्ज त्यांचा, सही त्यांची. पण मला राग आला, खोटं कशाला सांगू? एका बाईला जागेवर बसवून ठेवायला चालतं यंत्र बंद आहे म्हणायचं, हा कुठला शोध? असले शोध पुरुषांनी फार आधीच लावून ठेवलेत. त्याच दुपारी मी काकीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

"काकी, तो चष्मा चालतो. नीट चालतो."

"म्हाईत हाय." तिने मान वर केली नाही. "ते बाजारला गेलेले तवा मी काढून घातला व्हता. पानी भरून. थेंब डोळ्याबाहेर जाईल तर शप्पथ."

"मग मुरबाडला जात का नाहीस?"

"पोरीला सांगितलं, सुट्टी लागली की पोरांना हिकडं धाड. बाकीचं तिची सासू बघंल." तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "दोन टायमाला तेवढं गप बसतात माझ्यासमोर. बाकी दिसभर हातात पक्कड आनि तोंडात खिळे." मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "मला ठावं हाय ते त्यांना बोलू नको हां. सगळी हुशारी उतरंल त्यांची."

मी घरी आले. या दोघांत बोलायला तिसऱ्याला जागा नव्हती.

नकाराचं पत्र यायला बरेच महिने लागले. अर्ज नामंजूर, नावीन्य नाही, एवढंच. संध्याकाळी दुकान बंद करून मी ते घेऊन गेले. सात वाजायला आले होते. बारकूभाऊ ओटीवर खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, काकी बाटली घेऊन समोर उभी.

"भाऊ, नामंजूर झालं," मी सांगितलं. असलं पत्र कसं सांगावं, ते मला कधीच जमलेलं नाही.

"बरं," ते म्हणाले. छपराकडेच बघत राहिले. "काय येवढं नवं नव्हतंच त्याच्यात." आणि थोडं थांबून, "पन स्क्रूला नवं म्हनाले व्हते, नाय गो बाय?"

"म्हणाले होते," मी म्हटलं. "लिहून दिलं होतं."

काकीने पदराने त्यांचा गाल पुसला. "बोलू नका म्हनून कितींदा सांगायचं? गेला बघा थेंब गालावर."

बाटलीचं टोपण तिने अजून उघडलेलं नव्हतं.