पुंडलिककाका आणि सिव्हिलचा डिप्लोमा

पुंडलिककाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत ठोकून पाहत, मग बसत. ख्यालीखुशाली त्यानंतर.

महाल वस्तीत ते आमच्या शेजारीच एकटे राहायचे. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून रिटायर झाले होते, पण तपासणी काही सुटली नव्हती. माझ्या मावसबहिणीसाठी स्थळ पाहायला आम्ही त्यांना उमरेडला नेलं. मुलगा कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, “पोरगा ठीक आहे. पण स्लॅब गळून राहिली. पावसाळ्यात पोरगी झोपन कुठं?” लग्न झालं, पण त्याआधी त्या लोकांना गच्ची दुरुस्त करावी लागली.

मी मॅट्रिक झाले आणि घरात जाहीर केलं, की पॉलिटेक्निकला जाऊन सिव्हिलचा डिप्लोमा करणार. शाळेत आमच्या वर्गासमोर नवी इमारत उभी राहत होती. वर्षभर माझं लक्ष फळ्यापेक्षा तिकडेच होतं.

बाबा शाळामास्तर. ते भडकलेच. “उन्हात उभी राहून गवंड्यांवर ओरडशीन काय? होम सायन्सले जाय. तेबी घराचंच आहे.”

काका आमच्याकडेच चहा पीत बसले होते. म्हणाले, “पण मास्तर, ते घर उभं कोन करन?”

“तुम्हीच कॉलेज पाहून या,” बाबा चिडून म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी काकांनी मला सायकलरिक्षात घातलं. पॉलिटेक्निकच्या व्हरांड्यात त्यांची ठोकाठोक ऐकून एक सर बाहेर आले. “काय पाहिजे?”

“पोरीले ॲडमिशन पाहिजे. पण आधी बिल्डिंग पाहून राहिलो.”

सर भले निघाले. हसत त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र पाहून तर काका लहान मुलासारखे खुलले. “अजून एक फोडा ना गा,” म्हणून सरांच्या मागेच लागले. निघताना त्यांनी विचारलं, “मुलींचं बाथरूम कुठं आहे?”

“अजून कुणी मुलगीच आली नाही इथे,” सर म्हणाले.

“आता आली ना!”

घरी येऊन काकांनी निकाल दिला, “मास्तर, बिल्डिंग पास. एक बाथरूम कमी आहे, ते करून देतो म्हणाले.” बाबांना हसू आवरलं नाही. माझी ॲडमिशन झाली.

डिप्लोमा झाला, मी साइटवर सुपरवायझर म्हणून लागले. तोवर काकांचे गुडघे धरले होते. त्यांचं कुठे जाणं-येणं राहिलं नव्हतं. एका रविवारी त्यांची हाक आली, “काय वं मॅडम, स्वयंपाकघराची भिंत ओली होऊन राहिली. पाहून जाय जरा!”

मी लगबगीनं गेले. भिंतीला तळहात लावला. ठणठणीत कोरडी होती. मागे वळले, तर स्टोव्हवर चहा उकळत होता. शेजारी दोन कप मांडलेले, बशीत गरम आलूबोंडे. काका माझ्याकडे न पाहता एक स्वच्छ खुर्ची पुसत होते.

“काय वाटते?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा भिंतीकडे वळले. बराच वेळ ती न्याहाळली.

“ओल आतून आहे, काका. एकदा पाहून नाही कळणार. दर रविवारी यावं लागेल.”

“मीबी तेच म्हणून राहिलो होतो,” काका म्हणाले आणि चहा गाळायला लागले.