नळी शेकण्याचा हक्क

दिंद्रुडचे दगडूनाना कुणाच्याही घरी गेले, की आधी तोटीला रामराम करत आणि मग माणसाला. पाण्याचा बंब असो की तेलाची झारी, नाना तिच्या तोंडात बोट घालून बघणार आणि वर म्हणणार, "तुंबलीय. दिमाग लागतो ह्याला."

त्या हिवाळ्यात गुऱ्हाळावर काकवीच्या रांजणाची नळी पहाटेच्या गारठ्यानं रोज तुंबून बसायची. लोक काड्या खुपसत आणि शिव्या देत. नानांनी तापल्या वाळूची पुरचुंडी नळीला बांधली आणि काकवी घळाघळा वाहिली.

नाना थेट माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, उर्दूत अर्ज लिहिणारा गावात एकटाच.

"मास्तर, हैदराबादेत नव्या युक्तीची सनद मिळती म्हणं. मंग दुसऱ्याला ती करायची तर मला इचारून. लिवा अर्ज."

"नाना, बायका दुखऱ्या गुडघ्याला हेच करतात. निजाम सरकार म्हणेल, हे कुणालाही सुचलं असतं."

"गुडघा काय नळी हाय का? आन् सुचायचंच व्हतं तर आजवर कावून न्हाई सुचलं?"

मी दौत-टाक पुढं ओढलं. अर्ज गेला. तहसिलीतून पेशकार चौकशीला येतील, असं कळलं.

युक्ती नवी आहे याला साक्षीदार हवेत, म्हणून नाना गुऱ्हाळोगुऱ्हाळी फिरले. "आसं कधी बघितलंतं का बे?" माणसं न्हाई म्हणत. मग नाना करून दाखवत, वाळू किती तापवायची ते सांगत, पुरचुंडीची गाठसुद्धा शिकवत. असे ते पार माजलगावपर्यंत जाऊन आले.

पेशकार आले तेव्हा वाटेतल्या प्रत्येक गुऱ्हाळावर नळीला पुरचुंडी लटकत होती. त्यांनी एका गुळव्याला विचारलं.

"ह्यात काय नवं, साहेब? आमी रोजच करताव."

अर्ज तिथंच निकालात निघाला. मी नानांवर लई भडकलो.

"साक्षीदार गोळा करायला गेला होतात की शाळा काढायला?"

नाना आधी हसले. मग हळूच म्हणाले, "सनद मिळाली असती तर लोक इचारायला घरी आले असते, मास्तर. ही गेल्यापासनं माझ्या दारात कुणी येत न्हाई. मीच जातो सगळ्यांकडं."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल तेलाची गोठलेली बाटली घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"नाना, ही शेकायचीय. परवानगी आहे का?"

नानांनी बाटली उजेडात धरून नीट तपासली. आत जाऊन घोंगडी आणली, माझ्यासाठी अंथरली.

"आजच्यापुरती देतो," ते म्हणाले. "उद्याची उद्या येऊन घ्यावी लागंल."