आप्पांचं दोन मिनिटांचं मौन

आमच्या कासारडोहात माणसाचं दोन मिनिटांचं मौन रेकॉर्ड झाल्याशिवाय तो मेला असं धरत नाहीत. आईशप्पथ, शब्दन् शब्द खरा सांगतोय. मी तिथं नव्हतो, लोकांकडून ऐकलं. म्हणजे होतो. यंत्र माझ्याच हातात होतं.

यंत्र म्हणजे खिशात मावेल असा गाणी ऐकायचा प्लेअर. नगरपंचायतीने घेतलेला. त्याला आतला माईक आहे, पण तो नियमात बसत नाही. तो यंत्राचीच खरखर पकडतो आणि ती मयताच्या नावावर जाते. म्हणून बाहेरचा माईक जोडायचा, स्पंजची टोपी घातलेला, मयताच्या ओठांपासून चार बोटं. पिन टक् वाजेपर्यंत आत दाबायची. माझं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान, म्हणून हे काम माझ्याकडे.

मंगळवारी सकाळी शेजारचे आप्पा मगदूम गेले. घरात मुलगी रत्नप्रभा एकटी. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हापासून आप्पा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. एकाच घरात राहायचे, तिच्या हातचं खायचे आणि भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "दिनकर, तिला सांग, आमटीत मीठ नाही." मी सांगायचो. मीठ यायचं.

मी मौन घेतलं आणि नगरपंचायतीच्या कचेरीत दिलं. तिथल्या बोरगावेबाईंनी कानाला लावून ऐकलं.

"हे बोलतायत," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. आप्पांचाच आवाज. 'दिनकर, तिला सांग, खिडकी लाव.'

"बाई, डॉक्टरांचा दाखला आहे."

"डॉक्टर नाडी बघतात. बोलण्याचा विभाग आमचा." त्यांनी अर्जावर लिहिलं, 'इसम बोलत आहे, सबब हयात.' "उद्या परत घ्या."

रत्नाने खिडकी लावली. मी बर्फाच्या लाद्या आणल्या.

आता आमच्या गल्लीची रीत अशी, की मयत उचलल्याशिवाय कुणाच्याच घरात चूल पेटत नाही. चहासुद्धा नाही. बुधवारी दुपारपर्यंत पोरं बिस्किटांवर होती आणि म्हातारी माणसं आप्पांच्या दाराकडे बघत बसली होती.

"जन्मात कधी वेळेवर उठला नाही," समोरच्या हौसाक्का म्हणाल्या. "आता तरी ऊठ म्हणावं, बाबा. माझी शुगर खाली आलीय."

बुधवारच्या मौनात आप्पा म्हणाले, 'दिनकर, रत्नाला विचार, जेवली का.'

बोरगावेबाईंनी पुन्हा हयात लिहिलं. पण घरी रत्नाने ते वाक्य तीनदा वाजवून घेतलं.

"नाव घेतलं," ती म्हणाली. "काका, चार वर्षं मी नुसती 'तिला' होते."

"हो."

"उद्या माझ्याशी बोलतील. बघा तुम्ही."

"आणि नाही बोलले तर?"

"तर परवा. मला घाई नाही."

गल्लीला होती. बाहेर आलो तर सगळे ओट्यावर वाट बघत होते. हौसाक्कांनी माझा हात धरला. "दिन्या, तुझ्या हातात आहे म्हणतात."

"माझ्या हातात काही नाही, आक्का. जे आहे ते यंत्र पकडतं."

"मग त्याला सांग, कमी पकड."

गुरुवारी सकाळपर्यंत माझ्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. घरात उदबत्तीनेही न झाकला जाणारा वास होता. रत्ना आंघोळ करून, नवी साडी नेसून बापाच्या उशाशी बसली होती, एखाद्या परीक्षेला बसावं तशी. मी कानात इअरफोन घातले, माईक चार बोटांवर धरला, लाल दिवा लावला. एक मिनिट काही नाही. मग पिन आपोआप थोडी सैल झाली असावी. वायर जुनी होती. अशी अर्धवट पिन असली की आतला माईकही बंद आणि बाहेरचाही. पुढे स्वच्छ शांतता आली.

"काही म्हणाले?" रत्नाने विचारलं.

"नाही."

"माझं नाव?"

"नाही, पोरी."

मग उठून तिने खिडकी उघडली.

बोरगावेबाई म्हणाल्या, "फार सुरेख मौन आहे. असं हल्ली मिळत नाही." शिक्का मारला. अकराला आप्पांना उचललं. मागोमाग गल्लीत चुली पेटल्या आणि स्मशानातून परतेपर्यंत शेजाऱ्यांच्या रीतीप्रमाणे मगदुमांकडे पिठलं-भाकरी पोचली होती. रत्नाने घास तोंडात घातला नाही. ताट माझ्याकडे सरकवलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

तिच्या घराची खिडकी तेव्हापासून उघडीच असते. आप्पांच्या मौनाची प्रत तिने कचेरीतून मागून घेतली आहे. ती रोज ऐकते, दोन मिनिटं पूर्ण, आणि मध्येच कुणी बोललं तर पहिल्यापासून लावते.

सुरुवातीलाच शपथ घेतली आहे, तेव्हा सांगून टाकतो. यात रचलेलं एवढंच, की पिन आपोआप सैल झाली. वायर नवी होती. माझ्या कानात आप्पा म्हणाले, 'रत्ना,' आणि पुढचं बोलायला श्वास घेतला, तेव्हा मी पिन ओढली. आलेलं तेवढं नाव कचेरीत जायच्या आधी पुसलं.

बाकी सगळं खरं आहे.