अडकलेल्या दरवाजाची मोहीम आणि आत्याबाईंचा अबोला

सन दोन हजार बारा, थंडीचे दिवस, वार शनिवार, ते समयी आमच्या घरी जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत पुढील पिढीस ठाऊक असावी, नाही तर ती म्हणेल की या घरात पराक्रम म्हणून काही घडलाच नाही. सबब जैसे स्मरते तैसे लिहिले आहे, पदरचे फार थोडे घातले आहे.

मूळ कलह ऐसा. आत्याबाईसाहेब म्हणजे शिवणकारखान्यातील कॉलर-खात्याच्या सुभेदार. भोंगा झाला की यंत्रांची फौज एकदम दौडू लागे, आणि त्यांच्या हातची कॉलर घातली की वाकलेला कारकूनही मान ताठ करून चाले, ऐसा लौकिक. पुढे मालकांस खबर लागली की समुद्रापलीकडील मुलखात हेच काम निम्म्या मजुरीत होते, आणि मग यंत्रे पेट्यांत बसून जहाजावर चढली, आणि आत्याबाई आपली कात्री पिशवीत घालून घरी आल्या, आणि तेव्हापासून जागतिकीकरणाचे नाव निघाले की त्या ताट सरकवीत. त्यांचे ज्येष्ठ बंधू दादासाहेब, निवृत्त भूगोलमास्तर, हे मात्र त्या पक्षाचे कट्टर वकील. "अगं, जग जवळ आलंय!" ऐसे ते रोज जेवताना फर्मावीत, आणि "आलंय ना? मग त्याला म्हणावं, भांडी घास," ऐसा जबाब येई, आणि वहिनीसाहेब दोन्ही फौजांस सारखे वाढीत.

अशात दादासाहेबांचे चिरंजीव, आत्याबाईंचे लाडके भाचेराजे, यांस चाकरी लागली. परमुलखातील एक कंपनी देशोदेशी धुलाईयंत्रे विकी. यंत्र रुसले की गिऱ्हाईक कंपनीस फोन करी, आणि त्याने आपल्या भाषेचे बटण दाबले की तो फोन समुद्र ओलांडून भाचेराजांच्या कानी पडे. त्यांची कचेरी म्हणजे घरातलीच वरची खोली.

पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी पुसले, "आधी हे काम कोण करायचं रे?"

भाचेराजे भोळे. म्हणाले, "तिकडेच आपल्या भाषेची एक बाई होती. तिला काढलं. महाग पडायची."

"महाग? मीसुद्धा महागच पडले होते."

इतके बोलून आत्याबाईंनी अबोला जाहीर केला. भाचेराजांनी मनधरणीचे बहुत हल्ले केले, सारे परतले. पोर जिन्यात भेटले की आत्याबाई कठड्याकडे पाहून "काही लोकांनी स्वेटर घालावा" ऐसे कठड्यास सांगत.

मग तो शनिवार उगवला. दुपारी ग्रंथालयात दादासाहेबांचे 'जागतिकीकरणाचे लाभ' या विषयावर व्याख्यान मुक्रर होते, आणि त्यांच्या झाडून साऱ्या विजारी आत्याबाईंनी धुलाईयंत्रात कोंबल्या होत्या, आणि यंत्र मध्येच थांबून दरवाजा मिटून बसले. यंत्र त्याच कंपनीचे, चाकरीबरोबर सवलतीत आलेले. दादासाहेब चादर गुंडाळून रणांगणी आले आणि थंडीने शिंकू लागले. त्यांची शिंक म्हणजे तोफ. कपातला चहा हाले.

"या यंत्राचं पातं एका देशाचं, मोटर दुसऱ्या देशाची," ते चादरीतून वदले. "साऱ्या जगानं मिळून माझी विजार धुतली!"

"आणि साऱ्या जगाला मिळून एक दार उघडत नाही, दादा!"

"वर जाऊन त्याला विचारा की," वहिनीसाहेबांनी मसलत दिली.

"मेले तरी नाही," म्हणून आत्याबाईंनी कंपनीस फोन लाविला. ती हाक घरातून निघाली, समुद्राच्या तळातून दौडत कंपनीच्या नगरीस पोहोचली, तेथे तिजला बाजा ऐकविला गेला, आणि मग तैसीच मागे फिरून जिन्यावरल्या खोलीत दाखल जाहली. भाचेराजांनी आवाज ओळखिला आणि 'आत्या' ऐसे ओठांवर आले. परंतु कंपनीचा हुकूम सक्त की, बोलणे नोंदले जाते, नाव सांगू नये, नाते तर नाहीच नाही.

"नमस्कार. आपल्याशी बोलून फार आनंद झाला," भाचेराजे घोगऱ्या आवाजात बोलिले, आणि तो आनंद अस्सल होता.

"आनंद राहू दे. दार उघडत नाही."

"घरात मदतीला कोणी आहे का?"

"भाऊ आहे, तो चादरीत आहे. भाचा आहे, त्याच्याशी मी बोलत नाही."

कंपनीच्या प्रश्नावलीत पुढला प्रश्न पाण्याच्या नळाचा होता. भाचेराजांनी तो टाकून पुसले, "का बोलत नाही?"

आत्याबाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाईच्या खुर्चीवर बसलाय. आणि खुर्ची एकदा हलली की हलतच राहते हो. उद्या याचीही नेतील, आणि हा माझ्यासारखा पिशवी घेऊन घरी येईल. ते मला बघवायचं नाही."

ते क्षणी दादासाहेब शिंकले. तोफ न्हाणीघरात उडाली, आणि तीच तोफ वरच्या खोलीतून फिरून फोनात वाजली. आत्याबाईंनी फोनाकडे पाहिले, छताकडे पाहिले. फोन मात्र ठेविला नाही.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"सांगायची परवानगी नाही, बाई."

"मग हरकत नाही," आत्याबाई प्रसन्न होऊन बोलिल्या. "परक्याशी बोलायला मला बंदी नाही."

पुढे फोनातून आज्ञा येत गेल्या: वीज बंद करा, पाणी काढा, खालच्या झाकणामागची दोरी ओढा. आत्याबाईंनी सुलतानढवा केला, दरवाजा उघडला, आणि विजारींची ओली फौज बाहेर पडली.

"आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"नऊ. सकाळी चहा अर्धा टाकून गेलात, त्याचा एक कापला."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुढे कोणाचे काय जाहले तेही लिहिले पाहिजे. दादासाहेबांनी ओल्या विजारीत व्याख्यान दिले आणि श्रोते भावनेने कापताहेत ऐसे समजले. कापत ते स्वतः होते. वहिनीसाहेबांनी यंत्रावर आरामात कपडे वाळत घातले. आत्याबाई तेव्हापासून रोज कंपनीस फोन करीत; यंत्र ठणठणीत, तक्रारी मात्र नाना, आणि भाचेराजे सापडेपर्यंत त्या इतरांवर फोन आपटीत. अबोला कायम होता.

मग खरोखरच कंपनीने ते काम आणखी स्वस्त मुलखात हलविले. त्या दिवशी भाचेराजे कानावरचे यंत्र पिशवीत घालून जिना उतरले. कंपनीत आता आत्याबाईंस ओळखीचे कोणी उरले नव्हते, नाइलाज जाहला, त्यांनी कप पुढे सरकविला आणि कठड्याकडे न पाहता म्हणाल्या, "बस. आज पूर्ण पी."