मधुकरकाकांची नळी

नवी ओळख झाली की मधुकरकाका आधी समोरच्याचा डावा हात बघतात. माझ्या लग्नात सगळे नवरीच्या रंगरूपाबद्दल बोलत होते. काका म्हणाले, "हात मजबूत आहे पोरीचा. लांब नळी पेलन." बायकोला वाटलं, घरी पाणी भरायचं काम फार असणार.

काका तेलीबांध्याला आमच्या शेजारी राहतात. नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे. रविवारी सकाळी क्लबात एअर रायफलीनं कागदावर नेम धरायचा, एवढाच शौक. रायफल क्लबाची. स्वतःची घ्यायचं बावीस वर्षं चाललं होतं, फक्त नळी आखूड की लांब हे ठरत नव्हतं.

म्हणजे काकांचं ठरलं होतं: लांब. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, डोळ्यापासून जितकी दूर, तितकी नेमातली चूक लवकर दिसते. अडचण साहूजींची होती. हे त्यांचे क्लबातले दोस्त, गोल बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांचं म्हणणं आखूड: वजन कमी, आणि हात हलायच्या आत छर्रा बाहेर. दोघांनी मिळून एकच रायफल घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून ती घेतली जात नव्हती.

साहूजींच्या मुलीच्या लग्नात या वादापायी विदाई अर्धा तास खोळंबली. नवरी गाडीत बसून होती, बाप मंडपामागे माशीचं अंतर मोजत होता.

मागच्या उन्हाळ्यात साहूजी गेले. तेराव्यापर्यंत काका रोज त्यांच्या घरी जाऊन नुसते बसायचे. महिन्याभरानं मला म्हणाले, चल, रायफल घ्यायची आहे.

दुकानदारानं न विचारता लांब नळीची काढून ठेवली. काकांनी ती बाजूला सारली आणि आखूड मागितली.

मी म्हटलं, काका, माशी जवळ येईल, चूक दिसणार नाही. त्यावर त्यांनी साहूजींचे सगळे मुद्दे मांडले, साहूजींच्याच क्रमानं, मधे मधे 'हो'च्या जागी त्यांच्यासारखंच 'हव' म्हणत. शेवटी मी विचारलं, "मग इतकी वर्षं भांडले काहून?"

काकांनी आखूड रायफल खांद्याला लावून बघितली.

"साहूच्या बाजूनं बोलाले आता मीच उरलो," ते म्हणाले. "लांबची बाजू तू घे. रविवारी येत जा."

रविवारी गेलो. मला धड भांडता येईना. काकांनी दोनदा थांबवून माझा मुद्दा दुरुस्त करून दिला, आणि मग तो खोडला.