दोन खांब अलीकडे

शब्बीरभाई बायकोला स्कूटरवर मागे बसवून निघाले की शहराची हद्द संपायच्या दोन विजेचे खांब अलीकडेच गाडी वळवत. "एकच खांब अलीकडे वळवली तर चालणार नाही का?" मी एकदा विचारलं.

"आन् ब्रेक फेल झाला तर, सर?"

नसीमभाभी कराचीच्या. शब्बीरभाईंच्या सख्ख्या मावशीची मुलगी. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या सावेडीत, माझ्या शेजारच्या घरात आल्या, पण पासपोर्ट तिकडचाच राहिला. नागरिकत्वाचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर वर्षानुवर्षं पडून होता. तोवर मुदतीचा व्हिसा. संपायच्या आत वाढवून घ्यायचा, आणि त्यावर राहण्याचं ठिकाण एकच, आमचं नगर शहर. बाहेर जायचं तर आधी परवानगी काढायची. शब्बीरभाईंची बहीण रजियाबी मिरजगावला दिलेली. एवढ्या वर्षांत भाभी तिच्या घरी दोनदा गेल्या. दोन्ही वेळा परवानगीच्या चार झेरॉक्स निघाल्या. एक शब्बीरभाईंच्या खिशात, एक डिकीत, एक भाभींच्या पर्समध्ये आणि एक माझ्याकडे.

"माझ्याकडे कशाला?"

"आमी दोघं आन् गाडी, तिघंही हरवलो तर? कागद बोलतो, सर. माणूस नुसता उभा ऱ्हातो."

नागापूरच्या एमआयडीसीत ते एका कारखान्यात तयार माल तपासत. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. तीच नजर ते घरी घेऊन येत. त्यांच्या चुलतभावानं, मुनीरनं, मुलीचं लग्न हायवेवरच्या एका लॉन्समध्ये ठरवलं, तेव्हा शब्बीरभाई आदल्या दिवशी तिथं जाऊन पावलं मोजून आले. निष्कर्ष असा निघाला की स्टेज शहरात आहे आणि जेवणाचा मंडप शहराबाहेर. लग्नाच्या दिवशी भाभी स्टेजच्या पायऱ्यांशी खुर्ची टाकून बसल्या आणि शब्बीरभाई ताट घेऊन ये-जा करत राहिले. मुनीर सगळ्यांसमोर ओरडला, "अरे शब्बीर, बिर्याणीला तरी व्हिसा लागत न्हाई ना?" लोक हसले. शब्बीरभाईही हसले. हसताना ताट मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं.

तिकडच्यांशी क्रिकेटची मॅच असली की त्यांचा जीव टांगणीला लागे. भाभींना चौकार आणि षटकार यांतला फरकही कळत नव्हता. तरी आपण जिंकलो की गल्लीतला पहिला फटाका शब्बीरभाईंच्या गच्चीवर वाजे. त्यासाठी ते दिवाळीतच एक खोकं बाजूला काढून ठेवत. दाराची बेल वाजली तर आधी शर्ट घालत, मग बूट, मग दार उघडत. दारात बहुतेक वेळा दूधवाला असे.

आम्ही सगळेच त्यांना हसायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, इंग्रजी अर्ज भरून देणं माझ्याकडे असे. त्यामुळे हसताना मला आत कुठेतरी थांबावं लागे. फॉर्ममधली वाक्यं मी वाचलेली होती. ती हसण्यासारखी नव्हती.

सहा वर्षांपूर्वी भाभींच्या आईला लकवा झाल्याचा फोन आला. भेटायला जायचं, तर जाऊन परत येण्याची परवानगी आधी हवी. मी अर्ज भरून दिला. शब्बीरभाई तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. पुढे दोन-तीन महिने विचारलं की शब्बीरभाईंचं एकच उत्तर मिळे, "चौकशी चालू हाय." आई गेली. भाभींनी मयत मोबाईलवर पाहिली.

त्यानंतर एका दुपारी ते माझ्याकडे आले. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

"सर, तो अर्ज मी दिलाच न्हाई."

मी पेला त्यांच्याकडे सरकवला.

"हापिसाच्या गेटपर्यंत गेल्तो. दोनदा. आत पाय पडेना. इथून जाऊ देतील हो. पण मधीच काही झालं, परत येऊ दिलं न्हाई, तर तिला आणायला मी कुणाच्या दारात जाऊ? तिकडच्या हापिसात मला कोण वळखतं?" मग पेल्याकडे पाहत म्हणाले, "तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही.

या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, शब्बीरभाई गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंतही थांबले नाहीत. भाभींची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस घरात राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्याच दिवसांत व्हिसाची मुदत संपत होती. आणि टीव्हीवर रोज तिकडच्या लोकांना परत पाठवण्याच्या बातम्या. रजियाबी मिरजगावहून येऊन राहिल्या होत्या. त्या मला बोलवायला आल्या. "चला की सर, लई भ्याली हाय ती. दार वाजलं की मोरीत जाऊन बसती."

मी शब्बीरभाईंच्या नेहमीच्या खुर्चीवर न बसता दुसरी ओढून घेतली. मधल्या दाराला चादर लावली होती. पलीकडे भाभी, अलीकडे मी आणि फॉर्म. कागद रजियाबी चादरीच्या कडेनं इकडून तिकडे देत होत्या. नाव, जन्मठिकाण, पतीचं नाव. पतीच्या नावापुढे आता एक शब्द वाढवायचा होता. तो मी लिहिला, वाचून दाखवला नाही.

रजियाबी चहा ठेवायला आत गेल्या. पुढचा प्रश्न होता, मायदेशी जाण्यासाठी पूर्वी कधी अर्ज केला होता का. माझं पेन थांबलं. काहीतरी विचारायला हवं, म्हणून मी तो वाचून दाखवला.

"नहीं लिखो, भाईसाब," चादरीमागून आवाज आला. "किया नहीं था."

मी चादरीकडे पाहिलं.

"त्यांच्या कपाटात मिळाला मला, अम्मी जिंदा होती तेव्हाच. तुमचं अक्षर होतं. मी वाचला आणि होता तसा ठेवून दिला."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर ते गेले असते द्यायला. मलापण भीती होती ना. पण ती त्यांच्या नावावर होती. लोग उन पे हंसते थे, मी आरामात बसायची."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं. खाली कारणाचा रकाना होता, भारतात राहण्याचं कारण. दर वेळी तिथं मी 'पतीसोबत वास्तव्य' असं लिहीत आलो होतो. या वेळी 'तीस वर्षांपासून येथे घर आहे' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद चादरीखालून पुढे सरकवला. तो पलीकडून ओढून घेतला गेला. बराच वेळ पेनाचा आवाज आला नाही.

"भाईसाब, माणूस गेल्यावरपण हे कारण चालतं ना?"

"चालतं," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं.